चारचं पाणी

मी फरशी पुसते,
म्हणून भांडण मला आधी पायांत दिसतं.
विल्मारच्या चपला त्या दुपारी
भिंतीपाशी उलट्या पडलेल्या,
टाचा वर,
बोटांवर तोललेला सगळा माणूस.

पायसांदूचं हे इस्पितळ, नदीच्या अंगाला.
पुरुषांच्या वॉर्डात चार वाजले
की तो गरम पाणी मागतो, येर्बासाठी.
मार्चमध्ये कुणीतरी कुणाच्या मांडीवर थर्मास ओतला,
तेव्हापासून थर्मास बंद.
नियमाचा कागद भिंतीवर आहे.
त्याचा एक कोपरा मी रोज चिकटवते,
रोज सुटतो.

"पाणी!"
एवढाच शब्द, पण पत्र्यावर दगड पडावा तसा.
रुबेन दारात येऊन उभा राहिला.
जाडे बूट, नाड्या दोनदा बांधलेल्या.
जूनमध्ये अशाच एका दुपारी त्याचा खांदा निखळला,
अजून डाव्या हातानं दाढी करतो.
म्हणून मी त्याला वाईट म्हणणार नाही.
पण दारात बूट आले
की आतल्या पायांना एकच वाट उरते,
बुटांच्या अंगावरून.

सुल्मा आली. कॅनव्हासचे बूट, एकावर आयोडिनचा डाग.
"दार सोड," रुबेनला म्हणाली.
"तुला सोपं आहे."
"नाही सोपं. तरी सोड."
बूट हलेनात.
मग एक हलला.
मग बऱ्याच वेळानं दुसरा.

सुल्मा 'शांत हो' म्हणाली नाही.
('शांत हो' ऐकून शांत झालेला माणूस
मी सव्वीस वर्षांत पाहिला नाही, घरीसुद्धा.)
माझी रिकामी बादली पालथी घालून ती बसली,
त्याच्या कमरेहून खाली.
बादली मी सरकवली होती, हे कुणाच्या लक्षात नाही.
तिनं विचारलं, "किती गरम?"

विल्मार थबकला.
झोप किती, गोळ्या किती, आवाज किती येतात,
हे त्याला सगळ्यांनी विचारलं होतं.
पाणी किती गरम, कुणीच नाही.
"उकळलेलं नको. उकळीनं येर्बा जळते,
एवढंही कळत नाही तुम्हांला?
लोकर कातरायच्या टोळीत आम्ही अठरा जण,
पहाटे ओतायचो मीच. सगळ्यांना. मीच."
त्या दुसऱ्या 'मीच'वर
टाचा फरशीला टेकल्या.

म्हणजे भांडण पाण्याचं नव्हतंच.
किंवा होतं, पण पाण्याखाली
एक भोपळा होता, हातातून हातात जाणारा,
आणि तो पुढच्याला देणारं कुणीतरी.

बैठकीत पुष्कळ आवाज चढले, दाराबाहेर ऐकू आलं:
डॉक्टर ओलिवेरा, जंतू, विमा,
उद्या भाजलं तर नाव कुणाचं.
सुल्मा बाहेर येऊन माझ्यासमोर रडली,
नाक पुसलं, परत आत गेली.
तीन बैठका लागल्या.
ठरलं ते असं: चार वाजता, पॅसेजमधलं टेबल,
पाणी बोटाला सोसेल इतकंच,
थर्मास सुल्माच्या पायांत, नळी ज्याची त्याची,
ओतणार विल्मार.
विल्मार म्हणाला, हे पाणी नव्हे, पाण्याची थट्टा आहे.
तरी ओततो.

पुढच्या गुरुवारी तो पुन्हा ओरडला, भलत्याच कशावरून.
टेबल आठवडाभर भिंतीला लागलं.
मग परत मधे आलं.

आमच्याकडे ओतणाऱ्याला 'धन्यवाद' म्हटलं
की त्याचा अर्थ, पुरे, आता मला नको.

काल जाडे बूट टेबलापाशी आले.
बराच वेळ नुसते उभे.
मग खुर्ची ओढली, माझ्या ओल्या फरशीवरून,
मी काही बोलले नाही.
विल्मारनं वर न बघता भोपळा पुढे केला.
रुबेननं डाव्या हातानं घेतला,
नळी खरखरेपर्यंत ओढला,
परत दिला.
धन्यवाद म्हणाला नाही.